कंबर न उचलणारी

रोवणीच्या दिवसांत झाडीपट्टीतल्या गावाची तोंडं दिसत नाहीत, पाठी दिसतात. गुडघाभर चिखलात बायांची रांग वाकलेली असते. डाव्या हातात धानाच्या पऱ्ह्यांची, कोवळ्या रोपांची, पेंडी, उजव्या हाताने त्यातल्या तीन-चार काड्या सोडवायच्या, अंगठ्याने चिखलात दाबायच्या आणि पाऊल मागे घ्यायचं. असं मागे मागे जात बाया दिवसभरात शेताची अख्खी बांधी हिरवी करून टाकतात.

या रांगेचा एक कायदा असे. जी बाई आधी कंबर उचलेल, तिने धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, जाऊन सगळ्यांसाठी पेंड्या आणायच्या. त्यामुळे जी ती दात आवळून वाकलेली राही. मग कोणाची तरी कंबर उचलली जाई, बाकीच्या हसत आणि तेवढ्या गडबडीत आपापल्या कंबराही सरळ करून घेत. कायदा कडक होता आणि सोयीचाही होता.

त्या साली सोमाजी पाटलांच्या बांधीत मुखरूची बायको सोमारी होती. तिने कंबर उचललीच नाही. सकाळी उचलली नाही, दुपारी उचलली नाही, पावसाची सर आली तेव्हा बाया इरली डोक्यावर घ्यायला उठल्या तरी ही तशीच. पाऊस तिच्या पाठीवरून दोन्हीकडे वाहून गेला.

सोमाजी पाटील धुऱ्यावर छत्री घेऊन उभे असत. मालगुजारी सरकारने काढून घेतली होती, पण ही गोष्ट पाटलांच्या आवाजाला अजून कोणी कळवली नव्हती.

"ते कोन वो, तिकडल्या टोकाले?"

"मुखरूची सोमारी, मालक," आशाबाई म्हणाली. ती सोमारीची शेजारीण. "फागुनात बाळंत झाली."

"पाहा. फागुनात बाळंत झाली आन कंबर उचलत नाई. आन तुमी? झिंग्यावानी उड्या मारून राह्यल्या."

सोमारीला हे सगळं ऐकू येत होतं. तिला सांगायचं होतं, की मालक, मी उचलत नाही असं नाही, मला उचलता येत नाही. पण वाकलेल्या माणसाला वर पाहून बोलावं लागतं आणि वर पाहिलं की तिच्या पाठीत कोणीतरी पाचर ठोकत असे. ती काही बोलली नाही. पाटलांना तिचं न बोलणंही आवडलं.

हे सुरू झालं होतं पोटात आठवा महिना असताना. पाण्याचा पितळी गुंड उचलताना तिच्या पाठीत वाळकी काडी मोडावी तसा आवाज झाला. तिने सासूला सांगितलं. सासूला ती मामी म्हणे.

"मामी, पाठीत कायतरी मोडलं."

"मोडलं म्हंते," रुखमाबाई म्हणाली. "पाच बाळंतपणं केली म्या. माही पाठ कुठी मोडली?"

रुखमाबाईची पाठ साजाच्या झाडासारखी सरळ होती.

मग पोरगा झाला. एवढासा, गोळा होऊन झोपणारा, लालसर. सुईण म्हणाली, झिंग्यासारखा आहे. त्याचं नाव झिंगू पडलं. घरात झिंगू आला तसे झिंगे बंद झाले, कारण बाळंतिणीने मासळी खाल्ली तर दूध वासतं. भाजीपाला खाल्ला तर पोराचं पोट चालतं. घरच्या गायीचं दूध काढायची रीतच नव्हती; ते वासराचं. बाहेरचं ऊन बाळंतिणीला आणि लेकराला बाधतं. उरला भात आणि अंधार. त्या दोन गोष्टी रुखमाबाईने सोमारीला पोटभर दिल्या.

दुपारी रुखमाबाई पोराला फडक्यात पार तोंडापर्यंत झाकून बांधीवर आणी. सोमारी रांगेतून बाहेर येई, ती हात टेकत. पोराला उचलून मांडीवर घ्यायचं म्हणजे पाठीत पुन्हा ती पाचर. मग तिने एक युक्ती काढली. पोराला धुऱ्यावर पळसाच्या सावलीत निजवायचं, दोन्ही हात दोन्ही गुडघे जमिनीवर टेकायचे आणि तशीच त्याच्यावर ओणवी होऊन पाजायचं.

"गायीवानी पाजून राह्यली वो," एकजण म्हणाली.

"आता चाटू नोको माय त्याले," दुसरी म्हणाली, आणि रांग हसली.

सोमारीही हसली. खाली झिंगू तिच्याकडे पाहत होता. दिवसभरात समोरासमोर दिसणारं तेवढं एकच तोंड होतं. बाकी गाव तिला पायांवरून ओळखू येई. आशाबाईच्या बोटाला जोडवं रुतलेलं होतं, पाटलांच्या पायात चढाऊ जोडे होते, मुखरूची टाच फुटलेली होती.

संध्याकाळी सगळ्या बाया निघून गेल्या की ती पळसाचं खोड धरून हातावर हात चढवत उभी राही. कोणी पाहू नये म्हणून ती शेवटी निघे. पाटलांनी तेही पाहिलं आणि म्हणाले, सगळ्यांच्या मागून घरी जाते, अशी बाई पाहिजे.

रोवणी सरली त्या दिवशी पाटलांच्या अंगणात जेवण झालं. चांगली रोवणी करणाऱ्या बाईला लुगडं द्यायची पाटलांच्या बापाची रीत होती. पाटलांनी सोमारीचं नाव घेतलं. लुगडं घेताना वाकावं लागतं. ती आधीच वाकलेली होती. पाटलांना तिचा विनय फार आवडला.

"मुखरू," पाटील म्हणाले, "पुढल्या सालीबी हेच बाई माह्या बांधीत पायजे. सबद दे."

"देल्ला, मालक," मुखरू म्हणाला. बायकोच्या कंबरेची अशी जाहीर वाखाणणी गावात दुसऱ्या कोणाच्या वाट्याला आली नव्हती.

घरी आल्यावर सोमारीने लुगडं नेसलं. ते जमिनीवर लोळायला लागलं.

"लांब देल्लं कमरुद्दीनभाईनं," मुखरू म्हणाला. पाटलांचं कापड वडशाच्या कमरुद्दीनच्या दुकानातून येई. "मालकाचं नाव आयकलं का हात सैल सुटते त्याचा."

सोमारीने ते वर खोचलं. काही दिवसांनी जुनं लुगडं नेसलं, तर तेही लोळलं. मग त्याच्या आधीचं. धुतल्यावर आटणारं कापड सगळ्या मुलखात असतं. वाढणारं कापड एकट्या मुखरूच्या घरी निघालं. रुखमाबाईने पायरीवर पाय अडकून पडलेल्या सुनेला सांगितलं, की चालायचं वळण लागतं, ते तुला नाही.

दिवाळी गेली, धान कापून झाला. कापणीलाही वाकावंच लागतं, त्यामुळे तिथेही तिचं नाव झालं. आशाबाईचा पोचू झिंगूच्याच महिन्यातला. तो भिंत धरून उभा राहू लागला, पडू लागला, माती खाऊ लागला. झिंगू बसवला तर बाजूला कलंडे. त्याच्या डोक्यावर टाळूची जागा अजून लिबलिबीत होती. मनगटं जाड झाली होती, आणि छातीच्या फासळ्यांवर हात फिरवला तर जपमाळेसारखे मणी लागत.

"मामी, हा बसत काऊन नाई?"

"नजर हाये. म्हून तर मी त्याले बाहेर काढत नाई."

"वडशाले डाक्टरले दाखवू."

"वडशाले जायाचं म्हंते," रुखमाबाई भिंतीला म्हणाली. "नाटक पाह्याचं असन."

नाटक मुखरूला पाहायचं होतं. वडशाला तांदूळ विकायला बैलबंडी जाणार होती, आणि थंडीच्या दिवसांत वडशाला रोज नवं नाटक. म्हणून सोमारीचंही जाणं झालं. पण बंडीचं चाक चाकोरीतून उसळलं की तिच्या तोंडातून आवाज निघे आणि बैल बिथरत. शेवटी ती उतरली. झिंगू बंडीत तांदळाच्या पोत्यांवर आणि ती मागून, चाकाने उडवलेली धूळ खात, थेट वडशापर्यंत.

तांदूळ देऊन झाल्यावर मुखरू आधी कमरुद्दीनच्या दुकानात गेला. त्याला आभार मानायचे होते.

"कमरुद्दीनभाई, पाटलाच्या लुगड्यात तुमी लय मोठं मन केलं."

"कायचं मोठं मन?" कमरुद्दीनने चष्मा वर केला. मुखरूने सांगितलं. आभार स्वीकारणं सोपं होतं, पण कापड जास्त गेलं ही गोष्ट दुकानदाराला झोंबते. त्याने सोमारीच्या लुगड्याचा पदर मागितला, गजाला लावला, पन्हा मोजला.

"बराबर हाये. जेवढा सगळ्यांले, तेवढाच."

"जुनं लुगडंबी वाढलं, भाई."

"अरे कापड काय काकडी हाये का वाढाले?" कमरुद्दीन गादीवरून पुढे सरकला. "बाई, जरा उभी राह्य."

"उभीच हावो, भाऊ," सोमारी म्हणाली.

कमरुद्दीनने गज खाली ठेवला. दुकानात आणखी दोन गिऱ्हाइकं होती, ती कापडाकडे पाहू लागली.

"मुखरूभाऊ," तो हळू म्हणाला, "कापड नाई वाढलं. बाई घटली तुमची. पयले दवाखान्यात जा. नाटक भागून नाई जात."

डॉक्टर नवे होते, मुंबईकडून आलेले. त्यांनी झिंगूची मनगटं पाहिली, फासळ्यांवरून बोट फिरवलं, टाळू दाबली. "मुडदूस," ते म्हणाले. "याला उन्हात ठेवता की नाही?" मग त्यांची नजर सोमारीवर गेली. त्यांनी तिला पाठमोरी केली आणि मणक्यांवरून एकेक करत टिचक्या मारल्या. मधल्या एका टिचकीला ती खाली बसली.

"किती महिने झाले हे?"

"पोटात होता तवापासून," सोमारी म्हणाली.

"हाडं पोकळ झालीत तुमची. मणके दबलेत, एकावर एक. पोटात मूल वाढतं ते आईच्या हाडांतून चुना घेऊन. मग दुधातून तेच. आईच्या खाण्यात असेल तर भरून निघतं. तुमच्या खाण्यात काय आहे?"

"भात."

"दुधात जायला आता उरलेलं नाही. त्याचं पिणं तोडा. त्याला खिमट द्या, मासळी द्या, हे माशाचं तेल द्या. दोघं रोज उन्हात बसा. तुम्ही वाकायचं नाही, ओझं उचलायचं नाही. एखादी रोवणी आणखी केलीत तर अंथरुणातून उठणार नाही. आणि इतक्यात दुसरं मूल नको." ते मुखरूकडे वळले. "एवढं होईपर्यंत कोणाच्या लक्षात कसं आलं नाही?"

"आलं ना, साहेब," मुखरू म्हणाला. "पाटलानं लुगडं देल्लं तिले."

त्या रात्री मुखरूने नाटक पाहिलं. सोमारी बंडीखाली धानाच्या तणसावर झिंगूला घेऊन पडली होती. सकाळी बैल जुंपताना मुखरूने तिला नाटकाची गोष्ट सांगितली. नाटकातल्या सुनेचा सासरी फार छळ होत होता. मुखरू दोनदा रडला होता.

घरी रुखमाबाईने डॉक्टरांचं म्हणणं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"म्हंजे हिची हाडं दुधात जाऊन राह्यली?"

"हो मामी."

"आन दूध कोन पिऊन राह्यला?"

"झिंगू."

"मंग बाहेर कुठी गेली? घरातल्या घरातच हायेत ना हाडं?" रुखमाबाई मुखरूकडे वळली. "पोराची हाडं कच्ची हायेत म्हंते, आन त्याले हाडाचं दूध मिळून राह्यलं ते तोड म्हंते. कोन्या गावचा हाये हा डाक्टर?"

मुखरूला दोन्ही बाजू पटल्या. दोन्ही बाजू पटल्या की तो बैलाला पाणी पाजायला जाई. तो गेला.

सोमारीने दुसऱ्या दिवशी कडुनिंबाचा पाला वाटला आणि छातीला फासला. झिंगूने तोंड लावलं, काढलं, तिच्याकडे पाहिलं आणि ओरडला. पुन्हा लावलं, पुन्हा ओरडला. मग त्याने तोंड फिरवलं. रुखमाबाईने त्याला उचलून नेलं.

"माय असून तोडते वो," ती आशाबाईला ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. "कैदाशीन."

सोमारीची छाती दगडासारखी झाली, ताप चढला, लुगडं पुढून भिजत राहिलं. झिंगू आजीजवळ निजू लागला. सोमारी जवळ गेली की तो आजीच्या खांद्यात डोकं खुपसे, त्याला तिच्या अंगाचा वाससुद्धा कडू झाला होता. घरात तीन माणसं तिच्याशी बोलत, तिघांपैकी एक आता बोलेनासा झाला, आणि त्याला तर अजून बोलताही येत नव्हतं.

नातवासाठी मात्र रुखमाबाई बोडीवरून, गावाशेजारच्या लहान तळ्यावरून, मासळी आणू लागली. डॉक्टरवर तिचा विश्वास नव्हता, पण मासळीवर होता. गर झिंगूला, उरला तर मुखरूला. डोकी आणि काटे सोमारीच्या ताटात. ती ते चावून चावून, पार पीठ करून खाई. डॉक्टरांना हे कळलं असतं तर त्यांनी रुखमाबाईचे आभार मानले असते.

उन्हाचं काम सोमारीने स्वतःकडे घेतलं. रुखमाबाई बोडीवर गेली की ती झिंगूला फडक्याला धरून अंगणात ओढत नेई. उचलता येत नसे. दोघं उघड्या अंगाने ऊन खात पडत, मध्ये हातभर अंतर ठेवून. जवळ घेतलं तर तो रडे. शिमग्याच्या सुमारास तो बसला. आखाडी जवळ आली तेव्हा उखळ धरून उभा राहिला. पाय बाहेरच्या बाजूला धनुष्यासारखे वाकले होते, पण उभा होता. पाहायला अंगणात ती एकटीच होती. ती काही बोलली नाही, बोलली तर तो दचकून बसला असता.

मग रोवणी आली. पाटलांचा गडी बुधू सांगावा घेऊन आला.

"मालक म्हंते, उद्यापासून बांधी लावतो. ते कंबर न उचलणारी पाठवा."

"येते," रुखमाबाई म्हणाली.

"येत नाई," सोमारी म्हणाली.

ती ओट्याला टेकून बसली होती. बुधूने मुखरूकडे पाहिलं. मुखरूने बैलाकडे पाहिलं. बैलाने नुकतंच पाणी प्यायलं होतं.

"सबद देल्ला हाये ना वो," मुखरू म्हणाला.

"तुमी देल्ला."

"म्या देल्ला म्हंजे..."

"कंबर माही हाये. डाक्टर तुमच्यासमोर बोलला. मी अंथरुणात पडली तर याले उन्हात कोन नेते?"

"लुगडं अंगावर हाये मालकाचं," रुखमाबाई म्हणाली. "लाज."

सोमारी भिंत धरून उठली. तिला वेळ लागला. ती आत गेली आणि जुनं लुगडं नेसून आली. पाटलांचं लुगडं घडी करून तिने बुधूच्या पायांसमोर ठेवलं. बुधू दोन पावलं मागे सरकला. दिलेलं लुगडं परत घेणं पाटलांना शोभलं नसतं आणि परत करणं मुखरूला. लुगडं अंगणात पडून राहिलं. बराच वेळ कोणी त्याला हात लावला नाही.

"मालकाले काय सांगू?" बुधूने विचारलं.

"मानूस येते म्हून सांग," मुखरू म्हणाला.

रोवणी हे बायांचं काम. पुरुषाने चिखल करायचा, पेंड्या धुऱ्यावर आणून टाकायच्या, तिथेच उभं राहून बोलायचं. दुसऱ्या दिवशी मुखरू धोतर खोचून बायांच्या रांगेत उभा राहिला तेव्हा पाटलांच्या हातातली छत्री कलली.

"हे काय रे?"

"सबद देल्ला होता, मालक."

"अरे, म्या बाई मागतली."

"तिची कंबर गेली, मालक. माही हाये."

पहिल्या वळणालाच त्याने कंबर उचलली आणि कायद्याप्रमाणे पेंड्या आणायला गेला. आणून वाकला आणि पुन्हा उचलली. दुपारपर्यंत सगळी रांग त्याच्या जिवावर निवांत रोवत होती, कोणाला पेंडीसाठी हलावं लागत नव्हतं. "मुखरूबाई," आशाबाई म्हणाली, "तुमी बाळंत कधी झाल्या वो?" वाकल्यावर बोलायला श्वास पुरत नाही ही गोष्ट मुखरूला नव्यानेच कळत होती. दुपारनंतर तो चिखलात बसला. संध्याकाळी बुधूने त्याला खांदा देऊन घरी आणलं.

रुखमाबाई धावली. तिने बाज टाकली, मुखरूला पालथं निजवलं, चुलीवर मोहाचं तेल गरम केलं. "एका दिसात काय हालत केली रे लेकराची," म्हणत ती त्याच्या कंबरेला तेल चोळू लागली. पाच बाळंतपणांचे हात होते, त्यांना ताकद होती. वाटी धरायला तिने सोमारीला बोलावलं. सोमारी बाजेच्या काठाला एका हाताने धरून उभी राहिली, दुसऱ्या हातात वाटी. तिचं तोंड मुखरूच्या तोंडाच्या पातळीला आलं होतं.

मुखरूने बाजेच्या सुंभात रुतलेला गाल उचलला आणि तिच्याकडे पाहिलं. पुष्कळ दिवसांनी पाहिलं.

"तुले असंच होते का वो?"

सोमारीने विचार केला. ती कधी त्याच्याशी खोटं बोलली नव्हती.

"नाई," ती म्हणाली. "तुमचं सकाळवरी उतरून जाते."

रुखमाबाईचा हात मुलाच्या पाठीवर थांबला. चुलीत काहीतरी तडकलं. आत झिंगू जागा होऊन कण्हला आणि पुन्हा निजला. मग हात पुन्हा फिरू लागला, पहिल्यापेक्षा थोडा सावकाश.

"वाटी सरळ धर वो," रुखमाबाई म्हणाली. "तेल सांडून राह्यलं."